हेमांगीचा मुराळी

साक्री
३० जून २०२४

आबा,

शाळेत बाईंनी पत्रलेखन शिकवलं तेव्हा वर ‘तीर्थरूप’ लिहायला सांगितलं होतं. पण मी तुम्हाला कधी तीर्थरूप म्हटलेलं नाही, एकदम म्हटलं तर तुम्ही हसाल. म्हणून नुसतं आबा.

परवा पप्पांनी मामाच्या मोबाइलवर फोन केला तेव्हा मी म्हटलं, आबांना द्या. तुम्ही फोन घेतलात आणि “हॅलो, कोण, जोरात बोल” एवढंच करत राहिलात. मी इतकी ओरडले की शेजारच्या बेबाबाई धावत आल्या, पोरीला काय झालं म्हणून. मग तुम्ही फोन ठेवूनच दिलात. पप्पा म्हणाले, आयुष्यभर कंडक्टरकी करून आबांचे कान एसटीनं खाल्ले, तू आपली पत्र लिही. तर हे पत्र.

मामाचं घर त्याच्या पिठाच्या गिरणीच्या मागे आहे. दिवसभर गिरणी धडधडते म्हणून इथं सगळे मोठ्यानं बोलतात. तुम्हाला इथं काही त्रास होणार नाही. शाळेतल्या मुली आपसात अहिराणी बोलतात आणि माझ्याशी पुस्तकातलं मराठी.

आता खरी गोष्ट सांगते. इथं मला कुणी रागवत नाही. तुम्ही म्हणाल, बरं आहे की. पण ऐका तर. काल राजदीपदादाच्या हातून थोडंसं दूध सांडलं, तर मामीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. मृणाली तर आठच वर्षांची आहे, तिला रोज वेणी घालताना रडवते. आज माझ्या हातून अख्खा तांब्या कलंडला, तर मामी म्हणाली, “ऱ्हाऊ दे बेटा, तू सरक, मी पुसस.” जेवायला पहिलं ताट माझं. पोळीवर तूप मला जास्त. मी भांडी घासायला बसले की मामी हातातून काढून घेते. पलंग मला दिलाय आणि मृणाली खाली सतरंजीवर झोपते. ती माझ्याकडे रागानं बघते, तेवढं मला आवडतं.

आई होती तेव्हा मला दिवसभर ओरडायची, आठवतंय का? तुम्हाला ऐकू येत नव्हतं, तुमचं बरं होतं.

पप्पा म्हणाले होते, नव्या आईला घरात जरा रुळू दे, एक वर्षाची गोष्ट आहे. एक वर्ष म्हणजे पुढचा जून ना? शाळा सुरू व्हायच्या आत यायचं की नंतर? विचारून ठेवा. तोपर्यंत माझी खाट हलवू देऊ नका आणि तिच्यावर कपड्यांचा ढीग टाकू देऊ नका.

हेमांगी


नशिराबाद
१४ जुलै २०२४

हेमे,

पुना पोस्टमन तुझं पाकीट घेऊन ओट्यापाशी आला आणि उभाच राहिला. आपल्या गल्लीत आता टपाल येतं ते बँकेचं, नाहीतर वीज कापायचं. हातानं लिहिलेलं पत्र बघायची त्यालाच हौस. म्हटलं, माझ्या नातीचं आहे, तू आपली सायकल पुढं काढ.

तुझ्या बापाला सांग, माझे कान एसटीनं नाही खाल्ले, एसटीतल्या बायांनी खाल्ले. “अर्धं तिकीट द्या, पोरगं लहान आहे,” म्हणायच्या आणि पोरगं बघावं तर मिशीवालं. त्यांच्याशी भांडता भांडता निवृत्त झालो.

बाकी तुझं रडगाणं काही माझ्या डोक्यात शिरलं नाही वं पोरी. कुणी रागवत नाही म्हणून रडणारं माणूस मी पहिल्यांदा बघतो. माझी आई उलथनं फेकून मारायची आणि नेम चुकला की आम्हालाच ते उचलून आणायला लावायची. तुला तूप मिळतंय, पलंग मिळतोय, कामाला हात लावू देत नाहीत. सुख बोचतं म्हणतात ते हेच. सुकदेव तुझा सख्खा मामा. त्याची बहीण गेली, मागे तू एकटी राहिलीस, तो जीव लावणारच. मामीही भली बाई आहे. लाड होताहेत तर करून घे आणि उगाच खोड्या काढू नको.

तुझ्या खाटेवर कपड्यांचा ढीग नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. मी हल्ली बाहेर ओट्यावर झोपतो. वर पत्रा आहे, पाऊस लागत नाही, वारा चांगला येतो. समोरची द्रौपदाबाई खुणेनं विचारते, आबा, बाहेर का? म्हटलं, आत उकडतं.

वर्षाचं तुझ्या बापाला विचारलं. प्रेमराज डाळ मिलमधून दमून येतो, त्यात माझं बोलणं. म्हणाला, बघू. बघू म्हणजे नाही असं नसतं. अभ्यास कर.

तुझा आबा


साक्री
२५ ऑगस्ट २०२४

आबा,

तुम्हाला आवडणार नाही अशी गोष्ट आहे, पण सांगते.

गिरणीत लोकांच्या डब्यांची रांग असते. मामाचा नियम आहे, आधी गहू, मग दादर ज्वारी, शेवटी बाजरी. बाजरीनंतर गहू टाकला की पिठाला कडवट वास लागतो आणि बाया भांडायला येतात. रविवारी मामा चहा प्यायला घरात आला तेव्हा मी एका आजींची बाजरी शेजारच्या डब्यातल्या गव्हात ओतली आणि हातानं कालवली. चुकून नाही, मुद्दाम. मागे राजदीपदादानं नुसती डब्यांची झाकणं बदलली होती, तर मामानं त्याला आठवडाभर गिरणीत पाऊल टाकू दिलं नव्हतं. मला वाटलं, आता तरी मामा माझ्यावर ओरडेल.

गहूवाल्या बाई खूप भांडल्या. मामानं त्यांना घरातले गहू दळून दिले, आजींना बाजरी दिली. मी तिथंच उभी होते. मी म्हटलं, मामा, मी केलं. मामानं माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्या बाईंना म्हणाला, “ऱ्हाऊ द्या अक्का, पाव्हनी पोर शे.”

आबा, मी इथं पाहुणी आहे. इतके दिवस मला काहीतरी होत होतं, ते काय ते कळत नव्हतं. आता कळलं. पाहुण्यांना कुणी रागवत नाही. पाहुण्यांना तूप जास्त. आपल्याकडे जळगावचे काका राहायला आले की आई पण त्यांना अशीच वाढायची, हसून बोलायची, आणि ते गेले की कंबरेवर हात ठेवून म्हणायची, सुटले बाई.

मामी माझ्यामागे असं म्हणत असेल का?

हेमांगी


नशिराबाद
४ सप्टेंबर २०२४

हेमांगी,

तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याच्या तोंडचा घास नासवलास तू. त्या आजीनं ती बाजरी निवडताना डोळे फोडून घेतले असतील. अन्नाशी खेळणारी पोर आपल्या घरात आजवर झाली नाही आणि तू ती पहिली निघालीस. तुझी आई असती तर तिनं फुंकणीनं दोन दिलेच असते, आणि मीही मध्ये पडलो नसतो.

उद्याच्या उद्या त्या दोन्ही घरी जा आणि स्वतःच्या तोंडानं सांग की चूक झाली. मामाला बरोबर नेऊ नको. पुन्हा असलं काही केलंस तर माझं पत्र येणार नाही.

आबा


साक्री
१० नोव्हेंबर २०२४

आबा,

मी दोन्ही घरी एकटी जाऊन आले. गहूवाल्या बाईंनी दारातूनच बरं म्हटलं. बाजरीवाल्या आजींनी आत बोलावून मला भाकर आणि चटणी दिली आणि मी जेवेपर्यंत समोर बसल्या.

तुमचं रागावलेलं पत्र मी उशीच्या खोळीत ठेवलंय. वाईट वाटलं की काढून वाचते. वरती ‘हेमे’ नाही, ‘हेमांगी’ लिहिलंय ना, तिथंच तुमचा आवाज येतो. पुढच्या पत्रातही थोडं रागवा. मी काही केलं नसलं तरी चालेल.

दिवाळीत पाडव्याला पप्पा आले होते. माझ्यासाठी ड्रेस आणला. तो खांद्यात दाटतो. पप्पांना मी मागच्या वर्षी होते तेवढीच आठवते. मी म्हटलं, बरोबर बसला, तर ते खूश झाले. चहा प्यायले आणि उजेडात पोचायचंय म्हणून उठले. मी विचारलं, मला न्यायला आलात ना? ते हसले, म्हणाले, तू कुठं पिशवी भरलीस, आता पुढच्या वेळी.

पिशवी मी भरली होती आबा. पलंगाखाली होती. पण ते असं म्हणाले म्हणून मी ती दाखवली नाही. मोटारसायकल गेल्यावर ती रिकामी करायचं माझ्यानं होईना. शेवटी मृणालीनं केली. तिनं माझे कपडे कपाटात नीट लावले आणि काही चिडवलं नाही. ती चिडवते तेच बरं असतं.

तुमच्याकडे आईच्या फोटोला हार घातला का? मला इथून घालता येत नाही.

हेमांगी


नशिराबाद
१६ मार्च २०२५

हेमे,

मध्ये तुझी पत्रं आली आणि मी उत्तर दिलं नाही. हात दुखत होता असं लिहिणार होतो. पण तू ते ओळखशील. काय लिहावं ते सुचत नव्हतं.

तुझ्या नव्या आईला, स्नेहलला, दिवस गेलेत. जूनच्या सुमारास बाळ येईल. घरात त्याचीच गडबड असते. तुझ्या बापाला काही विचारायला गेलं की तो आधीच ‘बघू’ म्हणतो, मग मी काय विचारलं ते ऐकतो.

पण मी आता एक ठरवलंय. एप्रिलच्या शेवटी आखाजी आहे, अक्षय्य तृतीया. गावातल्या साऱ्या लेकी माहेरी येतील, लिंबाला झोके बांधले जातील. द्रौपदाबाईची थोरली पार सुरतेहून येते. मग माझ्या नातीनं काय घोडं मारलंय? यंदा मी तुला मुराळी पाठवणार. लेकीला माहेरी आणायला तिचा भाऊ मुराळी म्हणून जातो. तुला भाऊ नाही, म्हणून द्रौपदाबाईचा राकेश येईल. मी त्याला सांगून ठेवलंय, मोटारसायकल उडवत जायचं नाही. एसटीनं जायचं, डोक्याला टोपी घालायची, हातात आंब्यांची पाटी, मामीला साडी, तुला ड्रेस. खांद्यात सैल असलेला. साऱ्या साक्रीनं बघितलं पाहिजे की नशिराबादची लेक निघाली.

तुझा बाप म्हणाला, एवढा थाटमाट कशाला. म्हटलं, तू गप्प बस.

आमरस खाऊ, खापरावरच्या पुरणपोळ्या खाऊ. तुझ्या आईच्या नावाची घागर भरायची असते, ती यंदा तू भर. माझे दिवस आता त्याच्यावरच चाललेत.

तुझा आबा


साक्री
६ एप्रिल २०२५

आबा,

तुमचं पत्र वाचून मी आधी उड्या मारल्या. मग मामीला विचारलं, मुराळी आला की काय काय करायचं असतं? मामीनं पोळ्या लाटता लाटता सगळं सांगितलं. तिला न्यायला तिचा भाऊ पिंपळनेरहून यायचा. त्याला नुसतं वेशीजवळ बघितलं तरी तिच्या हातून भाकरी करपायची. ती म्हणाली, जाताना पाय जमिनीला लागत नाहीत आणि तोच भाऊ परत सोडायला निघाला की पाय उचलत नाहीत.

मी म्हटलं, म्हणजे मुराळी परत सोडतो? मामी म्हणाली, मग काय, दिलेली लेक माहेरी राहते का?

आबा, मला दिलं का?

कधी दिलं? मला कुणी सांगितलं नाही. बायकांना देतात तेव्हा मांडव असतो, लोक जेवतात, तिला स्वतःला माहीत असतं. मला पप्पांनी एक वर्ष सांगितलं होतं. मी सगळ्या मैत्रिणींना तेच सांगितलंय. बाईंनी पुढच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनातल्या नाचात घेतलं तर मी नाही म्हटलं, कारण मी जूनमध्ये नसणार.

मुराळी नको. पप्पांना पाठवा, साधेच कपडे घालून आले तरी चालतील. नाहीतर तुम्ही या. आणि एवढंच लिहा की जूनमध्ये मी नशिराबादच्या शाळेत जाणार की साक्रीच्या. एका ओळीत लिहिलं तरी चालेल.

हेमांगी


नशिराबाद
१९ एप्रिल २०२५

हेमे,

एवढ्याशा डोक्यात किती विचार भरतेस. मी लाडानं मुराळी म्हटलं, त्याचं तू काय करून ठेवलंस. राकेश सोमवारी येईल. त्याची टोपीही आणून झाली. गुमान त्याच्याबरोबर ये. आधी आमरस खाऊ, झोके घेऊ. शाळेचं मग बघू.

आबा


साक्री
४ मे २०२५

आबा,

तुम्ही पण ‘बघू’ लिहिलंत.

राकेशदादानं तुम्हाला सांगितलं असेल, पण तो निम्मा वेळ झोपला होता, म्हणून मी सांगते.

तो सोमवारी दुपारी आला. मामीनं त्याला पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला, पुरणपोळी आणि आमरस वाढला. तो टोपी काढून मांडीवर ठेवून जेवला, त्याला लाज वाटत होती. मामीनं मला तुम्ही पाठवलेला ड्रेस घातला, कुंकू लावलं, हातात नारळ दिला. बेबाबाई आल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, “आंडेर माहेरले चालनी.” आंडेर म्हणजे लेक. सगळे हसत होते. मामाचे डोळे ओले होते. लग्नातल्यासारखंच सगळं होतं आणि त्यात मी होते.

जेवून राकेशदादा आडवा झाला. चारची गाडी होती. मी मागच्या दारानं बाहेर पडले. आबा, मी असा विचार केला होता, की मुराळीबरोबर गेले तर मी नशिराबादलाही पाहुणी होणार आणि मला परत इथं सोडणार. एकटी गेले तर घरी गेले असं होईल. राजदीपदादा शाळेतून घरी येतो तेव्हा त्याला आणायला कुणी टोपी घालून जात नाही.

स्टँडवर धुळ्याची गाडी लागली होती. मी चढून बसले. कंडक्टरनं विचारलं, बरोबर कोण आहे? मी म्हटलं, कुणी नाही, धुळ्याला उतरून जळगावची गाडी धरायची मला माहीत आहे. त्यांनी मला खाली उतरवलं आणि बाकावर बसवून चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला सांगितलं, पोरीवर लक्ष ठेवा. मी म्हटलं, माझे आबा पण कंडक्टर होते. ते म्हणाले, मग त्यांनीही हेच केलं असतं. खरं का?

गाडी गेली. मी तिथंच बसले. मला मागेही जायचं नव्हतं. इथं पाहुणी, तिथं पाहुणी. स्टँडवर निदान कुणाची पाहुणी नव्हते. खूप माणसं होती आणि प्रत्येकाला कुठंतरी जायचं होतं. मला इतकं एकटं आई गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा तुम्ही सगळे रडत होतात.

मग मामी आली. केस सुटलेले, हाताला पुरण, पायात मामाची चप्पल. तिनं मला बघितलं आणि आधी एक कानाखाली दिली. मग बोलली. “कोठे गयथी तू? बठ्ठं गाव शोधं मी. तुले काही अक्कल शे का नही?” तिचा आवाज सगळ्या स्टँडला ऐकू गेला असेल. एक माणूस म्हणाला, अहो बाई, दुसऱ्याची पोर का मारता? त्यानं माझा नवा ड्रेस बघितला, मामीचा अवतार बघितला, त्याला काय वाटलं कुणास ठाऊक. मामी त्याच्यावर धावून गेली. “मन्ही पोर शे. तुम्हले काय करनं शे?”

घरी येईपर्यंत तिनं माझं मनगट सोडलं नाही. राकेशदादा पाटीजवळ उभा होता. मामीनं त्याला सांगितलं, आबांना म्हणावं, आम्ही आमची पोर यंदा पाठवत नाही. मग मला म्हणाली, ड्रेस काढ, भांडी पडलीत. मी सगळी भांडी घासली. कुणी हातातून काढून घेतली नाहीत. एका कढईचं बूड काळं राहिलं तर ती परत पुढ्यात टाकली.

संध्याकाळी वेणी घालताना मामी रडली. म्हणाली, बिनआईची पोर, हात लावला तर लोक काय म्हणतील, या भीतीनं वर्षभर तुझ्याशी नीट बोलले पण नाही. वेणी इतकी ओढून घातली की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

आबा, मला बरं वाटलं. हे कुणाला सांगू नका, वेडी म्हणतील. पण मी आईची घागर भरली नाही, त्याचं वाईट वाटतं. आणि तुम्ही अजून एका ओळीचं उत्तर दिलेलं नाही.

हेमांगी


नशिराबाद
१८ मे २०२५

हेमे,

एका ओळीचं उत्तर. तू साक्रीच्या शाळेत जाणार.

आता बाकीचं. तुला दिलेलं नाही पोरी. द्यायचं तर बापानं चारचौघांत तोंडानं सांगावं लागतं. तुझ्या बापाला तुला ठेवता आलं नाही आणि सांगताही आलं नाही. त्याला वाईट म्हणू नको, भित्रा म्हण. तो भित्रेपणा त्याला कुणाकडून आला, ते माझं मागचं पत्र वाचलंस की कळेल.

तुझी खाट तू गेलीस त्याच महिन्यात खोलीतून बाहेर काढली. तिथं आता पाळणा टांगलाय. खाट ओट्यावर आहे आणि तिच्यावर मी झोपतो, म्हणून कपड्यांचा ढीग नाही. मला कुणी बाहेर काढलं नाही, मीच आलो. आत बसलं की सगळे बोलतात ते ऐकू येत नाही आणि हसतात तेवढं दिसतं. मग आपणही हसायचं, कशाला ते माहीत नाही. त्यापेक्षा रस्ता बरा.

जेवायला पहिलं ताट माझं येतं. स्नेहल खुणेनं विचारते, अजून वाढू का? चांगली पोरगी आहे, पण कधी उलट बोलत नाही. तुझी आई माझ्याशी भांडायची. मी चहात साखर जास्त मागितली की डबा आपटायची, आणि तो आपटल्याचं मला जमिनीतून कळायचं. हेमे, तुझं पहिलं पत्र मला आत्ता समजलं. तेव्हा मी तुला उलथन्याच्या गोष्टी सांगत बसलो.

मुराळी मी तुझ्यासाठी पाठवला नव्हता. मला तू हवी होतीस. आठ दिवस ओट्यावर बसून माझ्याशी वाद घातला असतास, मग मी तुला परत सोडलं असतं, आणि पुढच्या आखाजीची वाट बघितली असती. मी म्हातारा माझं बघत होतो.

तुझ्या आईची घागर मी भरली. तुझं नाव घेऊन भरली.

कंडक्टरनं बरोबर केलं. मीही उतरवलं असतं. मामीला माझा नमस्कार सांग. तिनं एक दिली ती माझ्या वाटचीही होती म्हणावं, मला इथून देता आली नसती.

तुझा आबा


साक्री
६ जुलै २०२५

आबा,

उशीर झाला, रागावू नका. सातवीचे वर्ग सुरू झाले. बाईंनी मला नाचात घेतलं.

पप्पांचा फोन आला, मुलगा झाला म्हणून. मी म्हटलं, बरं झालं. त्यांना आणखी काहीतरी म्हणायचं होतं, पण गिरणी चालू होती.

तुम्ही ओट्यावर झोपता ते मी मामीला सांगितलं. ती मामावर चिडली, आणि मामा म्हणाला, मी काय केलं. ती म्हणते आबांना म्हणावं इकडेच या राहायला. खरंच या. इथं सगळे ओरडतातच.

आता मी आणि मृणाली दोघी पलंगावर झोपतो. ती लाथा मारते. मी पण मारते. मामी म्हणाली, दोघींनाही खाली झोपवीन. काल मला गिरणीत डबे लावायला बसवलं, मामा दहा वेळा म्हणाला, बाजरी शेवटी, समजलं ना, बाजरी शेवटी. मी म्हटलं, हो माहीत आहे, तर राजदीपदादा हसून हसून

मामी हाक मारतेय, तिसऱ्यांदा मारली. कपडे काढायचे राहिलेत वाळवणावरचे. आता मार खाईन. मग लिहिते.

हेमा


नशिराबाद
१२ ऑक्टोबर २०२५

हेमे,

दसरा होऊन गेला, तुझं पत्र नाही. मध्ये मी दोन टाकली, ती मिळाली असतील. जाब विचारत नाही, आपलं सांगतोय.

तुझा भाऊ पालथा पडायला लागलाय. रडायला लागला की त्याला माझ्या खाटेवर आणून ठेवतात. फार मोठ्यानं रडतो म्हणतात, आणि मला काही ऐकू येत नाही, तेव्हा सगळ्यांची सोय होते. तोंड मात्र तुझ्यासारखं वासतो. मी त्याला तुझ्याबद्दल सांगतो. तोही माझ्याइतकंच ऐकतो.

मामीनं बोलावलं ते पोचलं. पण मुलाच्या सासुरवाडीला म्हातारा ठाण मांडून बसला, हे बरं दिसत नाही. दिवाळीनंतर एकदा येऊन जाईन, एक रात्र राहीन. मला पाहुण्यासारखं तूप वाढलं तर मी रागवणार नाही, पाहुणाच असेन. तू मात्र माझ्यामागे अभ्यास सोडून बसू नको. मी येईन त्या दिवशी तुझा नाच असला तर नाचाला जा. माझ्याजवळ मामा बसेल.

पत्रासाठी जीव टाकू नको. मला वाट बघायची सवय आहे. खरं सांगायचं तर फार आठवण येते. दुपारी टपालाच्या वेळेला ओटा नको वाटतो, पण दुसरीकडे कुठं बसणार. म्हणून बसतो.

परवा पुना पोस्टमन सायकल न थांबवताच निघाला होता. मीच हात केला. त्यानं मान हलवली, काही नाही आबा. मग त्यालाच बरं वाटलं नसेल, मागे वळला, माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, नात लिहीत नाही का आता? म्हटलं, नाही, ती घरी पोचली. तो ओट्यावरून वाकून दारातून आत बघायला लागला, कुठं दिसते का म्हणून.

आबा